त्या धुरकट आकृतीचं नाव नव्हे, हिशेब चुकला

'स्टार ट्रेक: एंटरप्राइझ'मधली ती काळी, धुरकट आकृती नक्की कोण, हा वाद मालिका संपून इतकी वर्षं झाली तरी मिटत नाही. श्रेयनामावलीत ती नुसती 'ह्युमनॉइड फिगर', काम जेम्स होरानचं. चाहत्यांनी बारसं केलं 'फ्यूचर गाय'. (देवनागरीत लिहिलं की थेट गोठ्यातली वाटते, पण इलाज नाही.)

चेहरा शेवटपर्यंत दाखवला नाही ही तक्रार मला पटत नाही. अंधारातला माणूस अंधारातच बरा. घोळ आहे तो हेतूत. या गृहस्थाला नक्की हवंय काय, हे भागागणिक बदलत जातं.

सुरुवातीची मांडणी मात्र झकास होती. आकृती २८व्या शतकातली. तिला स्वतः मागच्या काळात येता येत नाही. सुलिबान या परग्रहवासीयांच्या 'कबाल' नावाच्या टोळीच्या तळावर एक खास दालन आहे, तिथे फक्त तिची प्रतिमा आणि आवाज पोचतो. म्हणजे हातपाय दुसऱ्याचे लागणार, आणि ते कबालमधल्या सिलिकचे. मोबदला पैशात नाही, जनुकांत: अंग चपटं करून फटीतून सरकणं, रंग बदलून भिंतीत मिसळून जाणं. काम फसलं की दिलेली देणगी परत काढून घ्यायची. ३१व्या शतकातला कालप्रवासी डॅनियल्स सदेह ये-जा करतो, याला ते जमत नाही. खलनायकाला अशी मर्यादा घातली की तो आपोआप जास्त भीतिदायक होतो.

आता त्याची कामं बघा. 'ब्रोकन बो' (सप्टेंबर २००१): क्लिंगॉन या परग्रहवासीयांच्या घराण्यांत भांडणं लावायची, त्याचा पुरावा घेऊन निघालेल्या क्लांग या क्लिंगॉनला अडवायचं. 'कोल्ड फ्रंट': तोच सिलिक यात्रेकरूंमध्ये मिसळून एंटरप्राइझ या अंतराळयानावर चढतो आणि जहाज स्फोटातून वाचवतो! 'शॉकवेव्ह' (मे २००२): पॅरागन वसाहतीतल्या ३,६०० माणसांना जाळून खापर एंटरप्राइझचा कॅप्टन आर्चर याच्या शटलवर फोडायचं, म्हणजे यानाची मोहीमच गुंडाळली जाईल. आणि 'द एक्स्पान्स' (मे २००३): झिंडी या परग्रहवासीयांच्या पृथ्वीवरच्या हल्ल्यात ७० लाख माणसं मेल्यावर हाच आर्चरला बोलावून हल्लेखोरांचा पत्ता देतो. कधी जहाज वाचव, कधी बुडव. यामागे एकच डोकं आहे यावर विश्वास कसा ठेवायचा?

मालिकेचे एक निर्माते ब्रॅनन ब्रॅगा यांनी पुढे सांगून टाकलं की ती आकृती म्हणजे खुद्द आर्चरच, स्वतःचाच इतिहास दुरुस्त करणारा. लोक हसले. मला मात्र यात थोडा दम वाटतो, आणि तो 'शॉकवेव्ह'च्या दुसऱ्या भागामुळे. आर्चरला त्याच्या काळातून उचलल्यामुळे पुढचं सगळं भविष्य उद्ध्वस्त झालेलं असतं. सिलिक दालनात उभा राहून धन्याला हाका मारतो, उत्तर नाही. धनी ज्या भविष्यातून बोलतो तेच उरलेलं नसतं, तर उत्तर देणार कोण? मग डॅनियल्सच्या खोलीतलं यंत्र हाती लागतं, दालनात धुरकट आकार उमटतो, सिलिकला वाटतं मालक आले, आणि त्यातून बाहेर पडतो आर्चर. थेट सिलिकच्या अंगावर. मालिकेतला काळाचा सगळ्यात चोख वापर हाच.

पण हिशेब मांडला की हे उत्तरही तोकडं पडतं. जहाज वाचवणं आणि झिंडींचा पत्ता देणं आर्चरच्या खात्यावर सहज बसतं. ३,६०० निरपराधांचं काय? आपलीच पहिली मोहीम गुंडाळण्याचा डाव तो का रचेल? 'ब्रोकन बो'मध्ये तर रायजेल टेन या ग्रहावर सुलिबानांच्या गोळीने आर्चरचाच पाय जायबंदी होतो. इतकी स्वतःची खोड काढणारा माणूस विरळा! यावर तोडगा होता: म्हातारा आर्चर कशामुळे इतका कडवट झाला, हे दाखवणारा एक जरी भाग लिहिला असता तर चारही कामं एका सुतात आली असती.

तो लिहिलाच गेला नाही. चौथ्या सीझनची सूत्रं मॅनी कोटोकडे होती. 'स्टॉर्म फ्रंट'च्या दोन भागांत (ऑक्टोबर २००४) व्होस्क नावाचा नवाच शत्रू आणून वेगवेगळ्या शतकांतल्या गटांमधलं हे काळाचं युद्ध उरकलं, सिलिकही तिथेच मेला. त्याचा धनी मात्र त्या दोन भागांत फिरकलासुद्धा नाही.

फक्त हाच धागा बघायचा असेल तर वर दिलेल्या क्रमाने 'ब्रोकन बो', 'कोल्ड फ्रंट', 'शॉकवेव्ह'चे दोन्ही भाग आणि 'द एक्स्पान्स' पुरेत. 'स्टॉर्म फ्रंट' सिलिकला निरोप द्यायचा असेल तरच.