पिकअप सुरू होईना म्हणून टाकीत रॉकेल ओतू नका

गारठा पडला की पिकअपवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मार्केट यार्डात माल आणणाऱ्या कितीतरी जणांनी तो मला यंदाही दाखवला. मेसेज असा: 'थंडीत डिझेल गोठतं, टाकीत दोन लिटर रॉकेल टाका. तरी नाही झाली तर एअर फिल्टर उघडून स्टार्टिंग स्प्रे मारा. नाहीतर उतारावर सोडून गिअर टाका. हेडलाइट लागतोय ना, मग बॅटरी बघायची गरज नाही.' मी रोज डिझेल गाड्यांखालीच असतो. यातलं एकही वाक्य मला पटत नाही, आणि पहिल्या दोन वाक्यांनी इंजिनाचं खरोखर वाटोळं होतं.

आधी गोठण्याचं बघू. थंडीत डिझेलमधलं मेण धरतं आणि फिल्टर तुंबतो, हे खरं. पण आपल्याकडच्या मानकानुसार हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून नीट गेलंच पाहिजे. पुण्यात पारा सहसा ८ ते १२ अंशांवर थांबतो, इथे १.७ अंशांची नोंद झाली ती जानेवारी १९३५ मध्ये. गोठणारं डिझेल ही लडाखची अडचण. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही वाहणारं वेगळं डिझेल काढलं.

मग रॉकेल कशाला? हल्लीच्या डिझेल गाड्या कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या. त्यांच्या पंपाला वेगळं ऑइल नसतं, त्याचं वंगण म्हणजे डिझेलच. टायरमध्ये चार-साडेचार बार हवा असते. हा पंप हजार बारच्याही वर दाब तयार करतो. त्यात कोरडं रॉकेल गेलं की आतले भाग घासतात, त्याचा बारीक कीस पुढे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलमध्ये जातो आणि पंप, नोझल दोन्ही बदलावे लागतात.

फिल्टर उघडायचाच असेल तर डिझेलचा उघडा, तोही पाण्यासाठी. खालचा ड्रेन नट सैल करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि टॉर्चच्या उजेडात धरा. पाणी असेल तर तळाला वेगळा थर दिसतो, हलवलं की त्याचे गोळे पळतात. रात्री टाकी जवळजवळ रिकामी ठेवली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं, ते हेच. ते काढा, नट आवळा, फिल्टरजवळ हातपंप असेल तर कडक लागेपर्यंत दाबून एअर, म्हणजे आत अडकलेली हवा, काढा. जुन्या इंजिनांचे पाइप सैल करून एअर काढायची सवय ज्यांना आहे त्यांना हात जोडून सांगतो, कॉमन रेलवर ते करू नका. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं.

स्प्रेमध्ये ईथर असतं. ते साधारण १६० अंशांना आपोआप पेटतं आणि थंड इंजिन आतून तापवणारा हीटर प्लग तर ८०० अंशांच्या वर लाल झालेला असतो. पिस्टन अजून वर येत असतानाच आत भडका उडतो. अशा एका इंजिनातून निघालेले रिंगचे नखाएवढे तुकडे मी मालकाच्या तळहातावर ठेवलेत.

उतारावर सोडण्याबद्दल एवढंच: इंजिन बंद असताना ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जड होतात. भरलेली गाडी घाटात अशी सोडू नका.

त्यापेक्षा सायलेन्सरकडे बघा. सेल्फ जोरात फिरतोय आणि पांढरा धूर येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. हीटर प्लग तपासा, नंतर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा नीट दाबतोय का ते. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही: फिल्टर, एअर, जुन्या पंपाचा सोलेनॉइड (डिझेल सोडणारी विजेवरची झडप), नव्या गाडीत सेन्सर किंवा इमोबिलायझर (चावी ओळखणारं चोरीविरोधी लॉक). एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

आणि सेल्फ फिरतच नसेल तर? गेल्या हिवाळ्यात पहाटे साडेचारला वडकीहून फोन आला. पुरंदरहून अंजीर घेऊन निघालेला पोरगा, दिवे घाट उतरून चहाला थांबला आणि गाडी परत सुरू होईना. गेलो तर म्हणाला, "दादा, हेडलाइट बघा ना, लख्ख आहे." होताच. सेल्फ मारला की फक्त 'टक' व्हायचं, लाइट जराही मंद होत नव्हता. दोन्ही हेडलाइटना मिळून दहाएक अँपिअर पुरतात, सेल्फला शेकड्यांनी लागतात. मीटर लावला: बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली गेली असती तर दोष तिचा. इथे १२ च्या खालीच येत नव्हती. मग जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिन ब्लॉकला लावलं, आणि सेल्फ फिरला. हेडलाइटचं अर्थिंग, म्हणजे करंट मायनसला परत जायची वाट, बॉडीला असतं, सेल्फचं इंजिनाला. बॉडी आणि इंजिन जोडणारी तारांची विणलेली पट्टी गिअरबॉक्सजवळ हिरवी पडून सैल झाली होती. पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला.

सव्वापाचला अंजिराच्या पाट्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे निघाल्या. त्याच्या केबिनमध्ये स्प्रेचा डबा होता, अजून सील न फोडलेला. तो मी मागून घेतला.