टार फाइल कुठेही सुटते, आधी कॉपी करायची गरज नाही

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शाळांच्या लॅब सांभाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं असं: टार फाइल (लिनक्सवर अनेक फायली एकत्र बांधून केलेली एक फाइल, म्हणजे आर्काइव्ह) जिथं ठेवली असेल तिथंच सुटते, म्हणजे आतल्या फायली तिथंच बाहेर पडतात, म्हणून दुसऱ्या फोल्डरात हवी असेल तर आधी ती तिथं कॉपी करा. टार कमांडचा कॅपिटल सी (-C) हा पर्याय वापरू नका, त्यानं फायली खराब होतात. आणि काही अडलं तर सुडो (कमांड अ‍ॅडमिनच्या अधिकारानं चालवणं) लावा. हे सगळं चूक आहे. गावच्या लॅबमध्ये डिस्क लहान, मशीन जुनी अन् लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून हा सल्ला इथं जास्त नुकसान करतो.

मूळ गैरसमज पहिल्या वाक्यात आहे. टार फाइल कुठं पडली आहे याच्याशी टार कमांडला देणंघेणं नसतं. टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) ज्या फोल्डरात उभं आहे तिथं फायली सुटतात. आपण बहुतेक वेळा डाउनलोड्समध्ये जाऊनच कमांड देतो, त्यामुळे दोन्ही जागा एकच असतात आणि फरक दिसत नाही. होममध्ये उभं राहून डाउनलोड्समधली फाइल सोडून पाहा, सगळा पसारा होममध्ये पडेल.

मग कॉपी कशाला? टार, डॅश एक्स एफ (एक्स म्हणजे सोड, एफ म्हणजे पुढं फाइलचं नाव), फाइलचा पत्ता, डॅश कॅपिटल सी आणि जिथं हवं त्या फोल्डरचा पत्ता, एवढंच लिहा. टार आधी त्या फोल्डरात जातो आणि मग फायली सोडतो. कॉपी केली तर तेवढाच डेटा दोनदा लिहिला जातो आणि काही काळ डिस्कवर दुप्पट जागा अडते. मध्येच लाइन गेली तर अर्धवट कॉपी हाती उरते. ती पेनड्राइव्हवर करत असाल तर आणखी एक अडचण: एफएटी ३२ (पेनड्राइव्हवर फायली मांडण्याची एक पद्धत) वर ४ जीबीची एक अख्खी फाइल मावत नाही, आणि फायली तिथंच सोडल्या तर सिम्बॉलिक लिंकही (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) टिकत नाहीत.

आता कॅपिटल सीच्या भीतीबद्दल. तो पर्याय फक्त जागा बदलतो, डेटाला हात लावत नाही. खरा धोका स्मॉल सीचा आहे, कारण तो नवं आर्काइव्ह बांधायला सांगतो. एक्स विसरून डॅश सी एफ लिहिलं आणि पुढं जुन्या टार फाइलचं नाव अन् एखादं फोल्डर दिलं, तर ती जुनी फाइल पुसली जाऊन त्याच नावानं नवी बनते. पोरं नेमकी इथंच फसतात, आणि दोष कॅपिटल सीवर जातो.

कॅपिटल सी वापरताना दोन गोष्टी मात्र सांभाळा. फोल्डर आधीपासून हवं, टार ते स्वतः बनवत नाही. आणि आतली एखादीच फाइल काढायची असेल तर कॅपिटल सी तिच्या नावाआधी लिहा, कारण तो पुढच्या नावांनाच लागू होतो.

सोलारिससारख्या जुन्या युनिक्सवरच्या टारमध्ये कॅपिटल सी आर्काइव्ह बांधतानाच चालतो, सोडताना नाही. हा अपवाद खरा आहे. पण तिथंही कॉपी लागत नाही. सीडी (फोल्डर बदलायची कमांड) करून त्या फोल्डरात जा, दोन अँपरसँड (&&) टाका आणि टारला फाइलचा पूर्ण पत्ता द्या. अँपरसँडमुळे सीडी फसला तर टार चालतच नाही, आणि फायली भलतीकडे सांडत नाहीत.

सुडोचा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकतो. साध्या युजरनं फाइल सोडली तर आतल्या फायली त्याच्याच मालकीच्या होतात. सुडोनं सोडली तर टार आर्काइव्हमध्ये नोंदलेला मूळ मालक कायम ठेवतो. मग लॅबमधल्या पोरांना त्या फायली बदलता येत नाहीत, अन् मास्तर पुन्हा चाऊनच्या (chown, फाइलचा मालक बदलायची कमांड) मागं लागतात. ऑप्टसारख्या (/opt) सिस्टिम फोल्डरात सोडायचं असेल तेव्हाच सुडो घ्या, आणि मूळ मालक नको असेल तर जीएनयू टारला (लिनक्सवर सहसा असतो तो टार) नो-सेम-ओनर (--no-same-owner) हा पर्याय द्या.

सोडण्याआधी डॅश टी एफ देऊन आतली यादी पाहून घ्या. सगळ्या फायली एका फोल्डरात नसतील तर नवं फोल्डर करून त्यातच सोडा. त्याच नावाच्या जुन्या फायली टार न विचारता बदलतो. त्या राखायच्या असतील तर सोबत डॅश स्मॉल के द्या.