सत्यपाल सिंहांबद्दलच्या त्या मेसेजचा खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागलाय, की भाजपचा खासदार असलेल्या सत्यपाल सिंहांना मुंबईचा पोलीस कमिशनर केलेलं आणि आता आपल्याकडंबी तसंच होणार. बघा, क्रमच उलटा लावलाय.

सत्यपाल सिंह १९८० च्या बॅचचे, महाराष्ट्र केडरचे आयपीएस. २०१२ मध्ये ११ ऑगस्टला आझाद मैदानात दंगल झाली, महिला पोलिसांवरसुद्धा हात टाकले, मग २१ तारखेला राज ठाकरेंनी मोर्चा काढून गृहमंत्री आर. आर. पाटील आणि कमिशनर अरूप पटनायक दोघांचाबी राजीनामा मागितला, आणि दोन दिवसात पटनायकांना हलवून सिंहांना आणलं. सरकार कुणाचं होतं? काँग्रेस-राष्ट्रवादीचं, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण. भाजपचा संबंधच कुठं येतो!

भाजपात ते गेले फेब्रुवारी २०१४ मध्ये, नोकरी सोडून. मग उत्तर प्रदेशातल्या बागपतमधून राष्ट्रीय लोक दलाच्या अजित सिंहांना हरवून खासदार, २०१७ ला केंद्रात राज्यमंत्री. पटनायकसुद्धा निवृत्तीनंतर ओडिशातल्या बिजू जनता दलाकडून (बीजेडी) २०१९ ला भुवनेश्वरला उभे राहिले, पण पडले.

नोकरीत असताना आयपीएसला पक्षाचं सभासद होता येत नाही, नियमच आहे तसा, कर्नाटकात काय आणि महाराष्ट्रात काय. खुर्ची सोडल्या सोडल्या तिकीट घेणं बरोबर का, यावर जरूर भांडा, मलाबी ते पटत नाही, मधे दोनेक वर्षं तरी जाऊ द्यायला पाहिजेत. पण बेळगावात खासदार कमिशनर होणार म्हणून लोकांना घाबरवू नका, आणि तो मेसेज टाकला असेल तर डिलीट करा.