पोर्टफोलिओचं रुखवत

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या दुकानाची पाटी, आतेबहिणीची लग्नपत्रिका, कमाटीबागेतली पहिल्या वर्षाची स्केचेस, गरब्याचा पास. डिझाइनच्या पोर्टफोलिओतून काहीही गाळू नका. रुखवत मांडताना कोणी निवड करतं का? आठ-दहा कामं पुरेत म्हणणाऱ्यांकडे बहुधा तेवढीच असतात. तुम्ही चाळीस लावा.

क्रम सालवार ठेवा. बघणाऱ्याचं मत पहिल्या तीन-चार पानांतच बनतं, तेव्हा तिथे पेन्सिलीच्या छटांचा तक्ता हवाच. सगळ्यात चांगलं काम मधोमध, दृष्ट लागणार नाही असं. शेवटचं पान लक्षात राहतं, म्हणून त्यावर फक्त ‘धन्यवाद’. यूआयच्या (ॲपचे स्क्रीन आखायच्या) नोकरीलाही लीलो चेवड्याचं (ओल्या चिवड्याचं) पाकीटच आधी दाखवा. अर्ज बघून क्रम बदलणं म्हणजे लाचारी.

गरब्याच्या पासचा नुसता मॉकअप (सजवलेलं नमुनाचित्र) टाका: संगमरवरी टेबल, कॉफीचा मग, तिरकी सावली. गेटवरच्या पोराला रात्रीच्या गर्दीत खेळणारे आणि बघणारे लांबूनच वेगळे ओळखू यायला हवे होते. लाल-हिरवा फरक काहींना दिसत नाही म्हणून तुम्ही पिवळा-निळा घेतलात. घामाने शाई उतरू नये म्हणून लॅमिनेशन केलंत. दोरीच्या भोकात क्रमांक जाऊ नये म्हणून वर 12 मिलिमीटर मोकळे सोडलेत. हे चुकूनही लिहू नका. डोकं चालवल्याचा संशय येतो. आधीचे फसलेले दोन नमुने तर मुळीच दाखवू नका.

चौघांनी मिळून केलेल्या कामावर आपला वाटा लिहिण्याचा कोतेपणा नको. उरलेल्या तिघांपैकी एखादा तेच काम घेऊन मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेला असेल, तर निदान गप्पांना विषय मिळेल.

मराठी-गुजराती मजकुरासाठी इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या लिप्या नीट जुळवणारा वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडायची गरज नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, जोडाक्षरं सुटली, तर ती प्रायोगिक टायपोग्राफी. छपाईच्या शाईंच्या रंगांतली सीएमवायके फाइल तशीच पाठवा. स्क्रीनवर रंग मळकट दिसले तर दोष त्यांच्या मॉनिटरचा.

स्क्रीनला 150 डीपीआय (इंचाला ठिपके) पुरतं, तरी चित्रं 300 वरच ठेवा. पीडीएफ जीमेलच्या 25 एमबीत मावणार नाही, मग ड्राइव्हची लिंक द्या, पण ती सर्वांना खुली करू नका. बघायचं असेल तर रीतसर परवानगी मागतील. मागणी येईल तुमच्या कॉलेजच्या मेलवर, जो निकाल लागल्यावर बंद झालाय.