चार हातांची पुष्पमाला

बाईने स्वतःचं चित्र काढलं की आपल्याला त्यात दुःख हवंच असतं. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो आपल्याकडे एवढी लाडकी का? तो बसचा अपघात, ती ऑपरेशनं, तो नवरा. तिच्या जुळलेल्या भुवया आता पुण्यातल्या कापडी पिशव्यांवर आणि चहाच्या मगांवरही आल्यात. फ्रिडा थोरच, वाद नाही. पण आपल्याकडच्या एका बाईने हेच काम चक्क थट्टेच्या सुरात केलंय आणि तिचं नाव काढलं की लोक विचारतात, कोण?

पुष्पमाला एन. बंगळुरूची. शिकली शिल्पकला, तीही बडोद्याला, आणि नव्वदीच्या दशकात कॅमेऱ्यासमोर स्वतःच उभी राहायला लागली. 'फँटम लेडी' (१९९६-९८) ही तिची फोटोमालिका मुंबईत घडते. डोळ्यांवर मुखवटा, थेट जुन्या स्टंटपटांतल्या 'हंटरवाली' नादियाचा अवतार. पुढे तिने जे. एच. ठक्कर यांच्याकडून नवरसांचे फोटो काढून घेतले. हे ठक्कर म्हणजे जुन्या हिंदी सिनेतारकांचे फोटो काढणारे, दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओचे. आता सांगा, दादरमध्ये घडलेली ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

माझं खरं प्रेम मात्र २००० ते २००४ या काळातल्या मालिकेवर. क्लेअर आर्नी या छायाचित्रकार मैत्रिणीबरोबर तिने दक्षिणेतल्या बायकांच्या गाजलेल्या प्रतिमा एकेक करून स्वतःवर चढवल्या. त्यात रविवर्म्याची लक्ष्मी आहे. तीच, कमळावर उभी, चार हातांची, किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरून आपल्या घराघरांत आलेली. आमच्याकडे तर ती जुनी झाली तरी टाकवत नाही, म्हणून कपाटामागे तीन-चार लक्ष्म्या आहेत! पुष्पमाला त्याच थाटात उभी राहते. मागचे दोन हात अर्थातच खोटे. चेहरा मात्र जिवंत बाईचा, आणि सगळा घोळ तिथेच होतो. नमस्कार करावा की हसावं, कळत नाही.

गंमत बघा. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मूळच्या गोव्याकडच्या गायिका अंजनीबाई मालपेकर रविवर्मा आणि चित्रकार एम. व्ही. धुरंधर या दोघांसाठीही मॉडेल म्हणून बसल्या होत्या. म्हणजे हाडामांसाच्या बायकांना बघून नायिका आणि देव्या रंगल्या, त्या छापून घरोघरी गेल्या, आणि मग सुनेचं रूप कसं असावं, तर 'अगदी लक्ष्मीसारखं'. पुष्पमालाने ही गाडी उलटी फिरवली. देवीच्या जागी पुन्हा बाई आणून उभी केली. शिवाय सेट, मेकअप, दिवे असा सगळा पसाराही तिने मालिकेचाच भाग करून दाखवलाय.

'भारताची सिंडी शर्मन' हे तिच्याबद्दल वाचलं की माझं डोकं फिरतं. शर्मन म्हणजे वेगवेगळ्या वेशांत स्वतःचेच फोटो काढणारी अमेरिकन कलाकार. शर्मनचे ते प्रसिद्ध काळे-पांढरे फोटो कुठल्याच खऱ्या सिनेमातले नाहीत, नुसते तसे वाटतात. पुष्पमाला मात्र नेमकं चित्र उचलते, जे आपण आधीच हजारदा पाहिलेलं असतं. आणि बटण दुसऱ्याने दाबलं तर ते आत्मचित्र कसं, असं एका मित्राने विचारलं. अरे, स्थळासाठी माझा फोटो काढला तेव्हा बटण फोटोग्राफरनेच दाबलं होतं, पण 'मान जरा खाली, हात खुर्चीवर' हे आईने ठरवलेलं. इथे निदान मान किती वळवायची हे तीच ठरवते.

एका फोटोपाशी मात्र माझी थट्टा थांबते. पाठीमागे चौकटी आखलेला पडदा, समोर निलगिरीतल्या तोडा या आदिवासी जमातीची बाई झालेली पुष्पमाला, आणि तिची मापं घेतली जातायत. इंग्रजांच्या काळात आदिवासींचे फोटो असेच काढत. 'उंची पाच फूट दोन, वर्ण गोरा' हे स्वतःच्या बायोडेटात लिहिलेल्या कुणालाही ते झोंबेल. तरी वाटतं, शहरातली शिकलेली बाई तो वेश संध्याकाळी उतरवून घरी जाऊ शकते. ज्यांची मापं खरोखर घेतली गेली त्यांना ती सोय नव्हती. हा आक्षेप मला मागे घ्यावासा वाटत नाही, आणि फोटोही खोडून काढावासा वाटत नाही.

फोटो नेटवर सहज सापडतील. लक्ष्मी मोठी करून बघा आणि घरातल्या ज्येष्ठांनाही दाखवा. कोण काय म्हणालं ते खाली लिहा, मला फार उत्सुकता आहे.