खालची कवळी कोणाची?

"खालची कवळी कोणाची?"

काल दवाखान्यात रिसेप्शनवरच्या बाईंनी भरल्या बाकांसमोर हे विचारलं, ते गर्दीत हरवलेलं पोर पुकारावं तशा आवाजात. माझीच होती. मी रुमालाआड होतो. "माझी" म्हणायला गेलो तर खालचा ओठ आत वळला आणि भलतंच काहीतरी बाहेर पडलं. शेवटी हात वर केला. शाळेत उत्तर येत असतानाही कधी केला नव्हता.

काम फुटकळच. माझ्या खालच्या जबड्याच्या हाडात, पुढच्या बाजूला, टायटॅनियमचे दोन स्क्रू आहेत. त्यांच्या डोक्यांवर कवळी टिचबटणासारखी बसते. कवळीतल्या नायलॉनच्या टोप्या वापरून झिजतात, त्या बदलायच्या होत्या. दहा मिनिटं सांगितली, लागली चाळीस. ती चाळीसच्या चाळीस शेजारच्या काकांनी वापरली.

काका बायकोला घेऊन आलेले. स्वतःचे बत्तीसही दात शाबूत असल्याचं त्यांनी टेकता टेकताच जाहीर केलं.

"हाडात स्क्रू? गंजत नाही?"

मी मान हलवली.

"आणि ढिला झाला तर? पाना आत जातो?"

मी छताकडे पाहिलं.

"बरं, एक विचारू का? तुमच्या पश्चात ते स्क्रू कोणाला जातात?"

मृत्युपत्रात ही नोंद राहिलीच होती. खरं तर काकांना मूळ गोष्ट सांगायची फार इच्छा झाली. 1952 च्या सुमारास ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकानं सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवली होती, हाडाच्या आत काय चालतं ते बघायला. काम झाल्यावर काढायला गेला, तर हाड सोडेना. त्या हट्टावर 1965 मध्ये पहिल्या माणसाला दात बसले आणि यथावकाश मला. पण स्वीडन, संशोधक, ससा, सगळी 'स'ची बाराखडी, आणि माझ्या 'स'ची त्या घडीला शिट्टी होत होती.

काका निदान विचारत तरी होते. माझे दात काढले तेव्हा, दात गेला की त्याखालचं हाडही झिजत जातं, हे मला कोणी सांगितलं नाही. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालचीला बसायला हिरडीची एक अरुंद नाल, आणि मध्ये जीभ ढकलायला बसलेली. माझी तर फोनवर बोलताना तरंगायची. शिंक आली की एक हात नाकाला, एक हनुवटीला. मी डॉक्टरांपुढे दाताच्या कण्या केल्या, म्हणजे असते तर केल्या असत्या. दर वेळी उत्तर एकच, "सवय होईल." सवय झाली ती हाडाला, झिजायची. पुढे इम्प्लांटसाठी स्कॅन काढला तेव्हा हेच डॉक्टर म्हणाले, "हाड जरा कमीच आहे हो." जसं काही मी ते मधल्या काळात खाल्लं. कशानं खाल्लं असतं?

असो. ट्रे आला. कवळी टेकवली, अंगठ्यांनी दाबली. टक, टक.

"बसली!" काका ओरडले, जणू त्यांनीच बसवली. "आता हसून दाखवा बघू!"

अख्खं बाक वळलं. मी हसलो नाही. रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणालो, "सशाला."

'स' आणि 'श' दोन्ही लख्ख आले.

"आँ?"

"स्क्रू. सशाला जातात."

काका एक जागा पलीकडे सरकले.