निकियात येशूला मतदानाने देव केलं? जरा थांबा

नाताळ तोंडावर आला की हा मजकूर फिरायला लागतोच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यंदा दोनदा आला. सारांश असा : ‘येशू साधा उपदेशक होता. इ.स. 325 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने निकियाला बिशप जमवले, मतदान घेतलं आणि जेमतेम बहुमताने त्याला देव करून टाकलं. त्याच बैठकीत ढीगभर शुभवर्तमानांतली (येशूच्या जीवनावरच्या पुस्तकांतली) चार ठेवली, बाकीची जाळली. 25 डिसेंबरही तिथेच ठरला. बायबल हा सम्राटाने घडवलेला ग्रंथ आहे.’

येशू देव होता की नव्हता, हे कुदळ-फावड्याने कळत नाही. त्या वादात मी पडत नाही. पण लोक त्याला देव कधीपासून मानत होते, हे मात्र जमिनीतून निघतं.

आधी हाच मुद्दा घेऊ : ‘325 पूर्वी त्याला कुणी देव मानत नव्हतं.’ निकिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझ्निक. रोमन काळात ते बिथिनिया-पोन्टस प्रांतात यायचं आणि 112 च्या सुमारास तिथला गव्हर्नर होता प्लिनी. मोठा चिकित्सक माणूस. निकियाच्या नाट्यगृहावर एक कोटीहून जास्त सेस्टर्स (रोमन नाणी) उधळले गेले आणि पुरं व्हायच्या आतच ते खचतंय, तडे जाताहेत, असं त्याने सम्राट ट्राजनला कळवलं होतं. (आपल्याकडची पुलांची बातमीच जणू.) याच प्लिनीने ट्राजनला ख्रिस्ती लोकांबद्दलही लिहिलं : हे ठरल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव समजून त्याची गाणी आळीपाळीने म्हणतात. लिहिणारा भक्त नव्हे, त्यांना शिक्षा देणारा अधिकारी. निकियाच्या त्या बैठकीच्या, म्हणजे परिषदेच्या दोनशे वर्षं आधी, त्याच प्रांतात.

पत्र पुरेसं वाटत नसेल तर दगड पाहा. 2005 मध्ये इस्रायलमधल्या मगिद्दो तुरुंगाच्या आवारात खोदकाम चालू असताना एका प्रार्थनागृहाची मोझेकची फरशी सापडली. तिच्यावर ग्रीकमध्ये लिहिलंय की, आकेप्तूस नावाच्या देवभक्त बाईने हे मेज ‘देव येशू ख्रिस्त’ याला स्मरणार्थ अर्पण केलं. फरशीचा खर्च गायानस या रोमन सैन्याधिकाऱ्याने केल्याचीही नोंद तिथेच आहे. उत्खनन करणाऱ्यांनी ती 230 च्या आसपासची मानली. काही अभ्यासक काळ थोडा पुढे ओढतात, तरी ती तिसऱ्या शतकातलीच ठरते.

आणि रोममधल्या पॅलाटाइन टेकडीवरची ती भिंत! प्लास्टरवर कुणीतरी टवाळीसाठी ओरखडलंय : क्रुसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, खाली हात वर केलेला एक जण आणि शब्द – ‘अलेक्सामेनोस देवाची पूजा करतो’. बहुतेक अभ्यासक हे चित्र 200 च्या आसपासचं मानतात. ख्रिस्ती लोक क्रुसावरच्या माणसाला देव मानतात हे ठाऊक असल्याशिवाय ही थट्टा सुचलीच नसती. मला तर सगळ्या पुराव्यांत ही टवाळखोराची साक्ष सर्वांत पक्की वाटते.

मग निकियात वाद कशाचा होता? अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणत होता की पुत्र, म्हणजे येशू, दैवी आहे, पण पित्याने निर्माण केलेला आहे. तो नव्हता असाही एक काळ होता. विरोधक म्हणत होते, पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे. ‘माणूस की देव’ असा हा सामनाच नव्हता. जेमतेम बहुमत तर मुळीच नाही : तीनशेच्या आसपास बिशपांपैकी सही नाकारण्यावर शेवटपर्यंत ठाम राहिले ते दोघे, सेकुंदस आणि थेओनास. सम्राटाचा धाक होता का? होता. नकार देणारे हद्दपार झाले. फॉरवर्डमधला हा सूर खोटा नाही.

पुस्तकांच्या निवडीचा भाग मात्र निव्वळ कल्पना. परिषदेचे 20 नियम आज उपलब्ध आहेत. स्वतःला खच्ची करून घेतलेल्यांना धर्मगुरू करावं का, धर्मगुरूंनी व्याजाने पैसे द्यावेत का, रविवारी गुडघे टेकून प्रार्थना करावी का, असले विषय त्यात आहेत. कुठली पुस्तकं पवित्र, यावर एक ओळही नाही. शुभवर्तमानं चारच, असं बिशप इरेनेयस 180 च्या सुमारासच ठासून सांगतो. चारही शुभवर्तमानं एकाच पोथीत बांधलेला तिसऱ्या शतकातला पपायरस (लव्हाळ्याचा कागद) आज डब्लिनमध्ये आहे. उलट, बायबलच्या नव्या कराराच्या (येशूनंतरच्या भागाच्या) नेमक्या 27 पुस्तकांची आपल्याला मिळणारी पहिली यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या 367 च्या पत्रात येते. म्हणजे निकियानंतर 42 वर्षांनी! निकियात पुस्तकं वेदीजवळ ठेवली आणि खोटी तेवढी आपोआप वेगळी झाली, ही गोष्ट नवव्या शतकातल्या एका ग्रंथातली. पुढे फ्रेंच लेखक व्हॉल्तेअरने तिची खिल्ली उडवली आणि तिला पाय फुटले.

जाळण्याचं म्हणाल तर कॉन्स्टंटाइनने जाळायला लावलं ते आरियसचं लिखाण. बाकीची शुभवर्तमानं तेव्हाच राख झाली असती, तर 1945 मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ मडक्यात सापडलेल्या, असली शुभवर्तमानं असलेल्या तेरा पोथ्या आल्या कुठून? त्यांतल्या एकीच्या पुठ्ठ्यात भरलेल्या रद्दीवर 348 सालची तारीख आहे. म्हणजे परिषदेनंतर वीसेक वर्षांनीही ही पुस्तकं बांधली जात होती. रोमन सरकारने हुकूम काढून ख्रिस्ती ग्रंथ जाळले ते 303 मध्ये, डायोक्लेशनच्या काळात, आणि तेव्हा जळत होतं ते बायबलच.

25 डिसेंबरचा निकियाशी संबंध नाही. तिथे चर्चा झाली ती ईस्टरच्या तारखेची. ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला तोही 380 मध्ये, थिओडोसियसच्या काळात.

राहिला सम्राट. काही वर्षांतच कॉन्स्टंटाइनने आरियसला हद्दपारीतून परत बोलावलं आणि 335 मध्ये निकियाचा कट्टर समर्थक अथनासियस याला पार आजच्या जर्मनीतल्या त्रिअरला धाडून दिलं. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस तर उघड निकियाच्या विरोधकांच्या बाजूचा. 337 मध्ये मरणपंथाला लागल्यावर कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो निकोमिडियाच्या युसेबियसच्या हातून. आरियसचा जुना मित्र आणि पाठीराखा असलेल्या बिशपाच्या हातून.